छोट्या स्पीकरचा आणि इअरफोनचा माइक कसा करायचा

स्पीकरच्या कॉइलमधून वीज गेली की शंकू हलतो. उलट बाहेरून शंकू हलवला, तर त्याच कॉइलमध्ये वीज तयार होते. चुंबक, कॉइल आणि पडदा हेच सामान डायनॅमिक माइकमध्येही असतं, त्यामुळे स्पीकर माइक म्हणून चालतो का, अशी शंका बाळगायचं कारण नाही. बेलचे टेलिफोन १८७७ मध्ये वापरात आले, तेव्हा बोलायला आणि ऐकायला एकच चुंबकी उपकरण होतं. ते आधी तोंडाशी धरायचं, मग कानाशी. जहाजांवरचे बिनबॅटरीचे टेलिफोन आणि साधे इंटरकॉम आजही याच तत्त्वावर चालतात.

नवख्या माणसाची निराशा होते ती जोडणीत. स्पीकर थेट माइकच्या जॅकमध्ये घातला की एक तर काहीच ऐकू येत नाही, किंवा पुटपुटल्यासारखा आवाज आणि त्यावर सूं ऐकू येतं. लोक मग स्पीकरला दोष देतात. पण ८ ओहमचा स्पीकर जवळून बोलल्यावर मिलिव्होल्टचे काही दशांश, फार तर एक-दोन मिलिव्होल्ट देतो, आणि तेही अगदी कमी इम्पिडन्समधून (बदलत्या विजेला होणारा एकूण रोध). समोरचा जॅक मात्र हजार-दोन हजार ओहमच्या माइकसाठी बनवलेला असतो. ही दरी भरून काढली की बहुतेक काम झालं. उरलेलं काम डबीचं, म्हणजे स्पीकरच्या मागची हवा कशी कोंडायची याचं.

हातात काय आहे ते आधी ओळखा

मल्टिमीटर २०० ओहमच्या रेंजवर लावून दोन टोकं तपासा. मीटर लावताना स्पीकरमधून बारीक 'टक्' ऐकू आली पाहिजे. वर छापलेल्या आकड्यापेक्षा मीटर थोडं कमी दाखवतं, कारण छापलेला आकडा इम्पिडन्सचा असतो आणि मीटर फक्त तारेचा रोध मोजतं. ८ ओहमच्या स्पीकरला साडेसहा-सात ओहम दिसले तर तो चांगला आहे.

रेडिओ-खेळण्यांतले स्पीकर ४ किंवा ८ ओहमचे असतात. इअरफोन बहुधा १६ किंवा ३२ ओहमचे. जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरमधली ऐकण्याची चकती शेकडो ओहमच्या घरात जाऊ शकते, आणि असा रिसीव्हर मिळाला तर तो सोडू नका, कारण माइकच्या इनपुटशी तो जवळजवळ आपोआप जुळतो. त्याच जुन्या रिसीव्हरची बोलण्याची बाजू मात्र कामाची नाही. तिच्यात कोळशाचे कण असतात आणि बाहेरून वीज दिल्याशिवाय ती काहीच देत नाही.

मीटरने तार तुटल्यासारखा अमर्याद रोध दाखवला, तर कॉइल तुटलेली आहे किंवा हातातली वस्तू क्रिस्टल अथवा पिएझो प्रकारची, म्हणजे कॉइलऐवजी दाबल्यावर वीज देणारा स्फटिक असलेली आहे. तिची जोडणी पूर्ण वेगळी असते, ती पुढे येईल.

स्वतःचा अँप्लिफायर असलेले स्पीकर आणि ब्लूटूथ इअरबड यांना या कामातून वगळा. त्यांच्यात कॉइल आणि वायर यांच्यामध्ये अँप्लिफायर बसलेला असतो आणि तो एकाच दिशेने काम करतो.

सोल्डर न करता पहिली चाचणी

माइकचा वेगळा जॅक असलेला कॉम्प्युटर घ्या आणि तारेचा साधा इअरफोन त्या जॅकमध्ये खोचा. रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये माइकची पातळी पूर्ण वर न्या, बूस्ट असेल तर तोही चालू करा. आता डाव्या बाजूच्या इअरफोनमध्ये, ओठांपासून दोन-तीन सेंटिमीटरवरून बोला. उजव्या इअरफोनमध्ये बोलून उपयोग नाही. कॉम्प्युटरच्या माइक जॅकमध्ये आवाज येतो तो पिनच्या टोकाकडून, आणि डावा इअरफोन टोकालाच जोडलेला असतो. मधल्या कड्यावर बहुधा इलेक्ट्रेट माइकसाठीचा (चालायला वीज लागणारा छोटा माइक) बायस, म्हणजे दोन-तीन व्होल्टचा डीसी पुरवठा असतो.

इतकं केलं तरी ओळखू येईल असा आवाज मिळतो. कानात न घुसणारे, १३ ते १५ मिलिमीटर पडद्याचे उघडे इअरबड यात सर्वांत चांगले ठरतात. त्यांचा पडदा हलका असतो, त्यामुळे 'स', 'श', 'च' स्पष्ट उमटतात. रबरी टोपीचे इअरफोन वापरायचे तर टोपी काढा. त्यांची अरुंद नळी आवाजाला पोकळ रंग देते.

जाता जाता एक गोष्ट. इस्रायलमधल्या बेन-गुरियन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं, की काही कॉम्प्युटरमधल्या ऑडिओ चिपमध्ये हेडफोनचा जॅक नुसत्या सॉफ्टवेअरने इनपुट बनवता येतो आणि हेडफोन नकळत माइक होतात. कॉइल दोन्ही दिशांनी काम करते याचा हा गंभीर पुरावा आहे.

डीसी अडवा, आणि मोबाइलला फसवा

बायसचा व्होल्टेज स्पीकरमधून वाहिला तर काही जळत नाही, प्रवाह मिलिअँपिअरच्या आसपासच असतो. पण पडदा किंचित एका बाजूला ढकलला जातो आणि जोडणी हलली की खरखर होते. म्हणून सिग्नलच्या तारेत १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घाला, त्याची धन बाजू जॅककडे ठेवा. १ मायक्रोफॅरडने काम भागेल असं वाटतं, पण २.२ किलो-ओहमच्या इनपुटवर तो सुमारे ७० हर्ट्झच्या खालचं कापतो. १० घातला की ही सीमा ७ हर्ट्झपर्यंत उतरते.

मोबाइलचा मामला वेगळा. हेडसेटच्या चार भागांच्या पिनमध्ये जॅक असलेल्या अलीकडच्या बहुतेक फोनसाठी क्रम असा असतो: टोक डावा, पहिलं कडं उजवा, दुसरं कडं ग्राउंड, आणि सर्वांत मागचा भाग माइक. माइकच्या जागी किती रोध दिसतो यावरून फोन ठरवतो की काय जोडलं आहे. अँड्रॉइडच्या हेडसेट-नियमांत ० ते ७० ओहम म्हणजे 'बटण दाबलं' असा अर्थ आहे, आणि माइकचा रोध १००० ओहम किंवा त्याहून जास्त अपेक्षित आहे. तेव्हा ८ किंवा ३२ ओहमचा स्पीकर थेट जोडला, तर फोनला वाटतं की कोणीतरी बटण दाबून धरलंय. नुसता कपॅसिटर घातला तर उलट त्याला माइक दिसतच नाही. उपाय असा: स्पीकर कपॅसिटरमधून जोडा, आणि कपॅसिटरच्या फोनकडच्या बाजूला माइक व ग्राउंड यांच्यामध्ये २.२ किलो-ओहमचा रेझिस्टर लावा. डीसीपुरता फोनला हा रेझिस्टर माइकसारखा दिसतो, आणि स्पीकरचा इम्पिडन्स इतका कमी आहे की सिग्नलवर त्याचा भार जाणवत नाही.

ट्रान्सफॉर्मर: सर्वांत शांत उपाय

जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओत स्पीकरला जोडलेला छोटा आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो, १ किलो-ओहम ते ८ ओहम. तो उलटा वापरा. ८ ओहमची बाजू स्पीकरला, १ किलो-ओहमची बाजू माइकच्या इनपुटला. वेढ्यांचं गुणोत्तर १००० भागिले ८ याचं वर्गमूळ, म्हणजे सुमारे ११. व्होल्टेज तितक्या पटीने वाढतो. २.२ किलो-ओहमचं इनपुट ट्रान्सफॉर्मरमधून स्पीकरला सुमारे १८ ओहमसारखं दिसतं आणि थोडा भार टाकतं, त्यामुळे प्रत्यक्षात सात-आठ पट वाढ हाती लागते. बॅटरीशिवाय, आणि स्वतःचा सूं आवाज जवळजवळ न घालता. यासारखा सौदा दुसरा नाही, म्हणून सुटा ट्रान्सफॉर्मर मिळत असेल तर आधी हाच मार्ग धरावा.

बाजू ओळखायला मीटर पुरे. ८ ओहमच्या बाजूचा रोध ओहम-दोन ओहम, दुसऱ्या बाजूचा कित्येक दहा ओहम. मधली तार असेल तर ती मोकळी ठेवून टोकाला टेप गुंडाळा. बायस अडवायचा कपॅसिटर इथेही लागतो, कारण डीसीने ट्रान्सफॉर्मरचा गाभा चुंबकित होऊन खालचे सूर घटतात. हा ट्रान्सफॉर्मर विजेच्या अडॅप्टरपासून हातभर लांब ठेवा. गुणगुण आली तर तो जागीच फिरवून बघा, एका ठरावीक कोनात ती एकदम कमी होते.

एका ट्रान्झिस्टरचा अँप्लिफायर

ट्रान्सफॉर्मर मिळाला नाही तर कॉमन-बेस पद्धतीचा अँप्लिफायर करा. ट्रान्झिस्टरला कलेक्टर, बेस आणि एमिटर असे तीन पाय असतात. नेहमीच्या पद्धतीत सिग्नल बेसला देतात, इथे तो एमिटरला द्यायचा. अर्धा मिलिअँपिअर प्रवाहावर एमिटरचा इनपुट इम्पिडन्स ५० ओहमच्या आसपास येतो, म्हणून ८ किंवा ३२ ओहमच्या कॉइलशी त्याचं छान जमतं.

१. बीसी५४७ ट्रान्झिस्टर घ्या, बीसी५४९ मिळाला तर उत्तम, तो जास्त शांत असतो. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर.

२. ९ व्होल्टच्या धन टोकापासून बेसपर्यंत ४७ किलो-ओहम, आणि बेसपासून ऋण रेषेपर्यंत (बॅटरीच्या ऋण टोकाची सामाईक तार) १० किलो-ओहम.

३. बेस आणि ऋण रेषा यांच्यामध्ये २२ मायक्रोफॅरड, धन बाजू बेसला. हा विसरला तर सर्किट चालतं, पण आवाज कमी येतो. चूक शोधताना आधी इथेच बघा.

४. एमिटरपासून ऋण रेषेपर्यंत १.८ किलो-ओहम.

५. धन टोकापासून कलेक्टरपर्यंत ६.८ किलो-ओहम.

६. स्पीकरची एक तार ऋण रेषेला. दुसरी तार १०० मायक्रोफॅरडमधून एमिटरला, कपॅसिटरची धन बाजू एमिटरकडे.

७. कलेक्टरपासून १ मायक्रोफॅरडमधून आउटपुट, धन बाजू कलेक्टरकडे. आउटपुटच्या टोकापासून ऋण रेषेला १०० किलो-ओहम, म्हणजे वायर खोचताना मोठा 'ठप्प' होत नाही.

८. बॅटरीच्या दोन टोकांवर १०० मायक्रोफॅरड.

स्पीकर न जोडता मोजा. बेसवर सुमारे १.६ व्होल्ट, एमिटरवर ०.९, कलेक्टरवर साडेपाचच्या आसपास. कलेक्टरवर पूर्ण ९ व्होल्ट दिसले तर ट्रान्झिस्टर बंद आहे: पाय उलटे लागलेत किंवा ४७ किलो-ओहमची जोडणी सुटली आहे. कलेक्टर दीड-दोन व्होल्टपर्यंत किंवा त्याखाली कोसळला असेल तर ट्रान्झिस्टर पूर्ण चालू आहे: १० किलो-ओहमचा रेझिस्टर सुटलाय किंवा १.८ किलोऐवजी १८० ओहम लागलाय. रंगपट्ट्यांत तपकिरी-राखाडी-लाल आणि तपकिरी-राखाडी-तपकिरी यांची गफलत फार होते.

८ ओहमच्या स्पीकरवर हे सर्किट मोकळ्या आउटपुटला शंभरपट किंवा थोडी जास्त वाढ देतं. पुढे १० किलो-ओहमचं लाइन-इन (माइकपेक्षा मोठ्या सिग्नलसाठीचा जॅक) जोडलं की ती सत्तरच्या आसपास उतरते. ३२ ओहमच्या इअरफोनवर मोकळ्या आउटपुटची वाढ ८० च्या आसपास असते. १५० ओहमच्या टेलिफोन-चकतीवर ती चौतिसेकच उरते, तेव्हा तिथे या सर्किटचा मोह धरू नका, ती सरळ माइक इनपुटला जोडा. आउटपुट कॉम्प्युटरच्या लाइन-इनला द्या. माइक-इनला दिलं तर पातळी अगदी खाली ठेवा, नाहीतर आवाज फाटतो. सर्किट पाऊण मिलिअँपिअरच्या आसपास खातं, म्हणजे ९ व्होल्टची बॅटरी कित्येक आठवडे पुरते.

ट्रान्सफॉर्मरच्या तुलनेत यात सूं थोडं जास्त येतं. जवळून बोलायचं असेल तर ते जाणवत नाही, खोलीतला लांबचा आवाज टिपायचा असेल तर जाणवतं.

क्रिस्टल इअरफोन आणि पिएझो चकती

क्रिस्टल रेडिओचा इअरफोन विजेच्या नजरेतून एक कपॅसिटर असतो, १०-२० नॅनोफॅरडच्या आसपासचा. २.२ किलो-ओहमच्या माइक इनपुटला तो थेट जोडला तर सुमारे ५ किलोहर्ट्झच्या खालचं सगळं गळत जातं आणि पत्र्यासारखा चिरका आवाज उरतो. तोच १ मेगाओहमच्या इनपुटला जोडा, ही सीमा १० हर्ट्झवर येते आणि आवाज भरदार होतो. गिटारसाठीचं इनपुट बहुधा इतक्याच इम्पिडन्सचं असतं, ते वापरा. नसेल तर जेफेटचा (गेट, ड्रेन आणि सोर्स हे पाय असलेला ट्रान्झिस्टर) बफर करा: गेटपासून ऋण रेषेला १ मेगाओहम, इअरफोन गेट आणि ऋण रेषेत, ड्रेन ९ व्होल्टला, सोर्सपासून ऋण रेषेला ४.७ किलो-ओहम, आणि सोर्सवरूनच १० मायक्रोफॅरडमधून आउटपुट. गेटची तार दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा लांब ठेवू नका आणि सगळं धातूच्या डबीत बसवून डबी ऋण रेषेला जोडा. इतक्या मोठ्या इम्पिडन्सवर उघडी तार घरातल्या विजेची गुणगुण सहज पकडते.

जुन्या क्रिस्टल इअरफोनमधला रोशेल मीठाचा स्फटिक ओलाव्याने आणि उष्णतेने खराब होतो. सोल्डरची इस्तरी त्याच्याजवळ रेंगाळू देऊ नका. पितळी पिएझो चकती हवेतला आवाज कमी टिपते, पण टेबलाला किंवा वाद्याच्या लाकडाला चिकटवली की कंपनं उत्तम पकडते.

डबी: आवाज बनतो तो इथे

उघडा स्पीकर हातात धरून बोललात तर आवाज पातळ येतो. शंकूच्या पुढून आणि मागून एकाच वेळी लहर पोचते आणि खालचे सूर एकमेकांना मारतात. मागची बाजू बंद डबीत बसवली की हा तोटा जातो. पण डबी फार लहान असेल तर आतली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि शंकूचा नैसर्गिक अनुनाद वर सरकतो. ५-६ सेंटिमीटरच्या स्पीकरचा अनुनाद मुळातच ३००-४०० हर्ट्झच्या आसपास असतो. माणसाचा आवाज नेमका तिथेच भरलेला असल्यामुळे बोलणं नाकातून आल्यासारखं वाटतं.

यावर दोन खरे उपाय आहेत. पहिला, स्पीकरच्या पाठीमागच्या छिद्रांवर जाडसर सुती कापड किंवा पातळ फेल्ट ताणून चिकटवा आणि डबी सैलसर कापसाने भरा. हवेला कापडातून वाट काढावी लागते आणि शंकूचं घुमणं आवरतं. कापूस कोंबून मात्र भरू नका. दुसरा, स्पीकरच्या दोन टोकांवर १० ते २२ ओहमचा रेझिस्टर समांतर लावा. कॉइलमध्ये तयार होणारा प्रवाह त्यातून फिरतो आणि शंकूला ब्रेक लागतो. सिग्नल थोडा घटतो, पण बोलणं स्वच्छ होतं. उरलेलं रेकॉर्डिंगनंतर दुरुस्त करा: १५० हर्ट्झच्या खालचं कापा, अनुनादाच्या जागी चार-सहा डेसिबल उतरवा, ३ ते ५ किलोहर्ट्झमध्ये थोडं वाढवा. मोठ्या शंकूच्या स्पीकरमध्ये वरचे सूर मुळातच उमटत नाहीत. ते नंतर वाढवू गेलात तर फक्त सूं वाढतं.

समोर पातळ स्पंज लावा. तोंडाच्या सरळ रेषेत न धरता थोडा तिरका धरा, म्हणजे 'प' आणि 'भ' चे धक्के बसत नाहीत. जड शंकू हाताळणीचे धक्के माइकपेक्षा खूप जास्त पकडतो, म्हणून डबी फोमवर टेकवा.

जड शंकू एका कामात मात्र गुण ठरतो. मोठ्या ढोलाचा किंवा ड्रमसेटमधल्या बेस ड्रमचा खालचा दणका टिपायला स्टुडिओत यामाहा एनएस-१० या स्पीकरचा वूफर (खालच्या सुरांचा मोठा शंकू) माइक म्हणून वापरला जायचा, आणि नंतर यामाहानेच सबकिक नावाने तसं तयार उपकरण काढलं. १६ सेंटिमीटरचा कुठलाही वूफर चामड्यापासून ५-१० सेंटिमीटरवर ठेवून हे करता येतं. इथे सिग्नल इतका मोठा असतो की तो घटवायला २० डेसिबलचा पॅड लागू शकतो. सोबत साधा माइक ठेवाच, कारण वूफर फक्त दणका देतो, काठीचा टणत्कार देत नाही.

मिक्सरला जोडताना

मिक्सरच्या तीन टोकांच्या एक्सएलआर पिनमध्ये स्पीकरच्या दोन तारा २ आणि ३ ला, शील्ड (तारांभोवतीची जाळी) १ ला. स्पीकरची कुठलीही तार १ ला जोडू नका. अशा जोडणीत चुकून ४८ व्होल्टचा फँटम (मिक्सरने माइकला दिलेला डीसी पुरवठा) चालू राहिला तरी दोन्ही तारांवर सारखाच व्होल्टेज येतो आणि कॉइलमधून काही वाहत नाही. तार १ ला जोडली असेल तर मात्र ६.८ किलो-ओहममधून सुमारे ७ मिलिअँपिअर थेट कॉइलमध्ये जातो. छोट्या इअरफोनचा पडदा त्याने एका बाजूला खेचला जातो.

२ नंबरच्या पिनला स्पीकरचं ऋण टोक द्या. धन टोकाला धन व्होल्टेज दिला की शंकू बाहेर येतो, पण आवाजाचा दाब त्याला आत ढकलतो, म्हणून माइक म्हणून त्याची दिशा उलटी पडते. एकटा वापरला तर फरक कळत नाही. शेजारी दुसरा माइक असला की उलट जोडणीमुळे खालचे सूर गायब होतात.

चूक शोधताना

गुणगुण येत असेल तर स्पीकरच्या दोन तारा एकमेकींभोवती पिळा. अँप्लिफायरनंतरची वायर शील्डेड घ्या, आणि लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बघा. चार्जर काढताच गुणगुण थांबली तर दोष ग्राउंडमध्ये आहे, तुमच्या सर्किटमध्ये नाही.

रेडिओचं स्टेशन किंवा मोबाइलची टरटर ऐकू आली तर स्पीकरच्या तारा सर्किटला मिळतात तिथेच १० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर आडवा लावा. ८ ओहमच्या कॉइलवर आवाजात त्याने काही फरक पडत नाही.

शिट्टी वाजत असेल तर ऐकायचा स्पीकर जवळ आहे, हेडफोन लावा. आवाज मधूनमधून जात असेल तर शंकूकडे जाणाऱ्या दोन बारीक वळलेल्या तारांना लाकडी काडीने हलवून बघा, जुन्या स्पीकरमध्ये त्या तिथेच तुटतात. आणि शंकू बोटाने हळूच दाबल्यावर घासल्याचा आवाज आला, तर कॉइल चुंबकाला टेकते आहे. असा स्पीकर बदलून टाकावा, त्यावर पुढची मेहनत करू नये.